नैवेद्याचा स्टँड-अप

ऑफिसात आमची पाच जणांची टीम. रोज सकाळी 'स्टँड-अप', म्हणजे उभ्या उभ्या दोन शब्द बोलायचं, फळ्यावरच्या रंगीत चिठ्ठ्या पुढे सरकवायच्या, आणि हातातलं काम दुसऱ्या कुणी तपासून 'झालं'च्या रकान्यात गेल्याशिवाय नवं उचलायचं नाही. हे इतकं छान चालायचं, की इथे अमेरिकेत, फ्रिस्कोतल्या आमच्या स्वयंपाकघराचंही भलं करावं असं मला वाटलं.

निमित्त घरच्या पहिल्या गणपतीचं. हट्ट माझाच; बायको म्हणत होती, मंडळाचा आहे की. बाराला आरती, वीस पाहुणे. स्वयंपाकाला ती, शेजारच्या काकू आणि मी. फ्रिजच्या दारावर पदार्थांच्या चिठ्ठ्या लावून मी स्टँड-अप घेतला. काकूंनी तो खुर्चीत बसून दिला.

"एका वेळी एकच पदार्थ हातात. दुसऱ्यानं चाखून पास केला, की पुढचा," असं बजावून, कोशिंबिरीची चिठ्ठी माझ्याकडे ठेवून मी मखराचे दिवे लावायला गेलो.

अकराला परत येऊन बघतो तर बायको फोन चाळतेय आणि काकू पदरानं वारा घेतायत. वरण तयार, भाजी तयार, बाकी सगळं थंड.

"भात?"

"वरण अजून 'झालं'मध्ये गेलं नाही ना," बायको म्हणाली.

"मग चाखा ना, काकू."

"देवाच्या आधी?" काकू शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या ऑफिसात चालत असेल, बाबा."

तासाभरात पाहुणे येणार होते आणि माझ्या नियमात गणपतीच अडकला होता.

"टीमनं ठरवायचं असतं म्हणतोस ना?" बायको म्हणाली. "मग टीमनं ठरवलंय. तू तुझी कोशिंबीर उरक आणि बाहेर जा."

काकूंनी चिठ्ठ्या ओढून काढल्या, भात लावला, आणि दोघी मोदकांना बसल्या. मी घाईघाईनं काकडी चोचवली, दही ओतलं आणि निघालो. आरती बाराला झाली. नैवेद्य दाखवला, पानं वाढली.

पहिल्याच घासाला काकू थांबल्या. "कोशिंबीर कुणाची रे?"

"माझी."

"आता चाखलेली चालते. चाख."

मिठाचा पत्ता नव्हता. मी वाटीत मीठ घेऊन वीस पानांवरून वाकत वाकत फिरलो. ऑफिसातही कुणी न तपासता काम पुढे गेलं, की माझं हेच होतं: गिऱ्हाइकाच्या ताटात पडल्यावर दुरुस्ती.