वरचं कव्हर तेवढं जुनं

ताई आठवडाभर चष्म्याच्या दुकानात फ्रेमी दुरुस्त करायची आणि शनिवार-रविवार हॉटेलच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. स्टेजवर तिच्या शेजारी बेस गिटार वाजवणारा बेसवाला. तरुणपणापासूनची जोडी. तिच्या बाळंतपणाला नवऱ्याच्या आधी दवाखान्यात पोचला तो हाच. "सख्खा भाऊसुद्धा एवढं करत नाही," असं तिची आई म्हणायची.

गिटार जुनी होती. तिचा सगळा जीव मागच्या पिकअपमध्ये. म्हणजे तारांखाली बसवलेलं, केसाएवढ्या तारेचे वेढे घातलेलं, तारांचा सूर पकडून स्पीकरकडे धाडणारं चुंबक. त्यात एक खोट होती. त्यावर टिचकी मारली तर तीही स्पीकरमधून ऐकू यायची. पण त्या खोटीमुळेच लांबवलेला सूर शेवटी हुंदका दिल्यासारखा फुटायचा आणि जेवणारी माणसं घास हातात धरून वर बघायची.

पुढे गिटार सारखी घरघरायला लागली. बेसवाल्याचा सोल्डरिंगला हात चांगला. तो म्हणाला, "पुढचा पिकअप बदलतो, वायरिंग नव्यानं करतो, घरघर अडवायला आतून तांब्याचा पत्रा लावतो. मागच्याला हात लावत नाही, ताई."

गिटार परत आली ती एकदम शांत. पुढचा पिकअप लोण्यासारखा गोड. फक्त मागच्याचा हुंदका गेला होता. "वय झालं की बोटं अशीच होतात," बेसवाला म्हणाला. तिला ते पटलं. रोज सकाळी बोटं हुळहुळेपर्यंत ती सराव करायला लागली. नवरा चिडायचा, "अगं, सोलून काढशील!"

मग एका संध्याकाळी ती बेसवाल्याच्या जावयाचं गिटारवादन ऐकायला गेली. त्यानं एक सूर लांबवला आणि ताई खुर्चीतच थिजली. तो तिचाच हुंदका होता.

घरी येऊन तिनं मागच्या पिकअपवर टिचकी मारली. स्पीकर गप्प. दुकानातल्या बारक्या स्क्रू-ड्रायव्हरनं पिकअप खोलला. ओरखडे पडलेलं कव्हर तिचंच होतं. आतला पिकअप कोरा करकरीत. जुन्याला कापडात गुंडाळलेली वायर होती, याला प्लास्टिकची.

सकाळी ती त्याच्या घरी गेली तेव्हा बेसवाला चहा पीत बसला होता. ती म्हणाली, "मागचा पिकअप गप्प झालाय."

"घरघर थांबावी म्हणून मेणात बुडवलाय ना, त्यानं टिचकी ऐकू येत नाही."

तिनं नुसतं कव्हर त्याच्यासमोर ठेवलं. त्याची मान खाली गेली.

"जावयाचं आत्ता कुठे नाव व्हायला लागलंय. तू अशी किती वर्षं वाजवणार होतीस, ताई?"

"मागितला असतास तर?"

"दिला नसतास."

"नसताच दिला. पण इतके महिने मी माझ्या बोटांना शिव्या घालत होते, आणि तू शेजारी उभा राहून मान डोलवत होतास."

जावयाला यातलं काही माहीत नव्हतं. कळलं तसा तो पिकअप घेऊन आला आणि दारातच रडवेला झाला. ताईनं तो स्वतः बसवला. बोट भाजलं. पहिल्यांदा वायरी उलट जोडल्या गेल्या आणि दोन्ही पिकअप एकदम लावल्यावर डबा वाजवल्यासारखा आवाज आला. तिनं त्या सोडवून पुन्हा जोडल्या. हुंदका परत आला.

बेसवाला हॉटेलात पुन्हा आला नाही आणि तिनंही बोलावलं नाही. त्याची बायको अधूनमधून बाजारात भेटते. "तुमची आठवण काढतात हो," म्हणते. ताई "बरं" म्हणते आणि टोमॅटो निवडत राहते.