आयतं जर्नल
माळा आवरताना माझं अकरावीचं केमिस्ट्रीचं जर्नल निघालं, अ‍ॅसिडनं भोक पडलेलं, आणि सांगलीतल्या क्लासचं ते गारढोण ऑफिस आठवलं. दहावीचा निकाल नुकताच लागला होता. फौजेतून निवृत्त झालेले वडील मला साताऱ्याहून एसटीनं घेऊन आले होते. गावातलं साधं कॉलेज नको, मेडिकलच्या प्रवेशासाठी दोन वर्षं इथला इंटिग्रेटेड कोर्सच, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. टेबलामागच्या सरांनी फॉर्मसोबत एक जर्नल पुढं सरकवलं. सगळे प्रयोग सुबक अक्षरात लिहून तयार, फक्त नावाची जागा कोरी. "कॉलेजला जायचंच नाही. हजेरीचं आम्ही बघतो," सर म्हणाले. "मग प्रयोग कोण करणार?" मी विचारलं. ते हसले. "प्रवेश परीक्षेत प्रयोगाला मार्क नसतात, बाळा." वडील म्हणाले, "टाक नाव. डॉक्टर व्हायचंय न्हवं?" मी पेनाला टोपण लावलं. "व्हायचंय. पर नाव न्हाई टाकणार. आवं आबा, फौजेत तुमी कवा न जाता हजेरी लावली का?" त्यांचा चेहरा लालबुंद झाला. आता चारचौघांत थोबाडीत बसणार, असंच मला वाटलं. त्यांनी फॉर्म उचलला, चार घड्या घालून खिशात कोंबला आणि "चल" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी साताऱ्यातल्या साध्या कॉलेजच्या रांगेत माझ्याआधी तेच जाऊन उभे होते. मला मेडिकलला प्रवेश मिळाला नाही, हे नातेवाईक अजून ऐकवतात. ऐकवू देत. या जर्नलातली एकही चूक दुसऱ्याच्या हातची नाही.