आखाजीआधी पोचवायचं खापर

झुलालनानांनी भुसावळ स्टेशनच्या पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं ओझी उचलली. शेवटच्या दिवशी हार घालताना कोणीतरी विचारलं, "नाना, एवढ्या वर्षांत काय कमावलं?" नाना म्हणाले, "फोडलं काही नाही."

लोक हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

घरी बसून माणूस गंजतो, असं नानांचं मत. पण गंजायला वेळ मिळाला नाही. सून रत्नाने मोबाइलवर दुकान काढलं होतं. भडगावच्या अभिमन कुंभाराकडून खापरं आणायची, सुताराकडून बडग्या करून घ्यायच्या आणि ऑनलाइन विकायच्या. खापर म्हणजे मातीचं पातळ, पसरट भांडं. ते चुलीवर पालथं घालतात आणि त्याच्या तापल्या पाठीवर पुरणाचा मांडा टाकतात. बडगी म्हणजे लाकडाचं खोलगट भांडं, भाजलेली वांगी ठेचायचं. खानदेश सोडून गेलेल्या माणसाला परमुलखात या दोन वस्तू मिळत नाहीत, हे रत्नाने बरोबर हेरलं होतं.

तिच्या पहिल्या पाच खापरांपैकी तीन फुटून पोचली. नानांनी तिचं पॅकिंग पाहिलं. वर्तमानपत्राचे बोळे आणि फुग्यांचा प्लास्टिकचा कागद.

"हे काय आहे?" नानांनी विचारलं.

"बबल रॅप, नाना."

"लग्नात फोडायला बरं आहे."

त्या दिवसापासून पॅकिंग नानांकडे आलं. ते सायकलवर केळीच्या बागेत जायचे, वाळलेला पाला आणायचे, तो दोन दिवस सावलीत ठेवायचे. पूर्वी रेल्वेत केळीच्या वाघिणी, म्हणजे मालडबे, भरताना हाच पाला घालत. पाला आतून, मग गोणपाट, मग सुतळी, मग खोकं. खोकं बंद झालं की नाना ते कानाशी धरून हलवायचे. आतून जरा जरी आवाज आला, तर म्हणायचे, "बोलतंय." बोलणारं खोकं उघडायचं आणि पुन्हा भरायचं. मग दहा मिनिटं लागोत की तास. एकशे चाळीस खापरं गेली. एकही फुटलं नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, पाच दिवसांवर आली असताना सुरतेहून लताबाई नावाच्या गिऱ्हाइकाचा आवाज आला. म्हणजे मोबाइलवर बोलून पाठवलेला निरोप. रत्नाने तो ओट्यावर ठेवून लावला.

"बइन, मी खापर मांगं, अनी तुम्हीन हाई लाकूड धाडं! एन्हावर मांडा कसा भाजू? मन्ही पोर लगीन व्हयनंतर पह्यलीच आखाजीले घर ई ऱ्हायनी. तिले काय वांगं ठेची दिऊ?"

रत्नाच्या हातातला चमचा तसाच राहिला. लताबाईंना बडगी गेली होती. मग खापर कुठे गेलं? तिने यादी पाहिली. त्या दिवशी दोनच पार्सलं निघाली होती. दुसरं धुळ्याला, कुंदन नावाच्या माणसाला. त्याने बडगी मागवली होती. हायवेवर नवं हॉटेल काढत होता.

"पत्ते मी स्वतः चिकटवले," रत्ना म्हणाली. "दोनदा बघितले. हा घोळ कुरियरवाल्यांचाच. तक्रार टाकते."

नाना सुतळी गुंडाळत होते. थांबले. त्यांना ती संध्याकाळ आठवली. दोन खोकी पत्ते लावून दाराशी ठेवलेली. त्यांनी सवयीने दोन्ही हलवली. दोन्ही बोलली. मग दोन्ही उघडली, दोन्ही वस्तू बाहेर काढल्या, आणखी पाला लावला. पाल्यात आणि गोणपाटात गुंडाळल्यावर दोन गाठोडी जुळ्या भावांसारखी दिसत होती.

"तक्रार नको टाकू," नाना म्हणाले.

"का?"

"कुरियरवाल्याने काही केलं नाही. पत्ते लागल्यावर मी उघडली होती खोकी."

रत्नाने मोबाइल खाली ठेवला. मग तिला हसू आवरेना. "एकतीस वर्षांत एकही पार्सल चुकलं नाही म्हणे!"

"ती एकतीस वर्षं रेल्वेची. हे तुझं."

"म्हणजे माझ्यासाठी राखून ठेवलं होतं होय!"

नानाही ओशाळं हसले. पण लगेच कोपऱ्यातला माल तपासला. दुसरं खापर शिल्लक नव्हतं. त्यांनी अभिमनला फोन लावला. तो म्हणाला, "नाना, भाजायचा आवा आता आखाजीनंतरच लागेल. घाईत भाजलेलं खापर तुम्हीच मला परत फेकून माराल." ते खरं होतं. म्हणजे लताबाईंच्या लेकीच्या पहिल्या आखाजीचं खापर एकच होतं, आणि ते धुळ्याला होतं.

रत्नाने कुंदनला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. कापला. मग मेसेज आला, "बिझी आहे. लिहा." तिने लिहायला घेतलं. 'आदरणीय ग्राहक, झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक...'

"हे कोण वाचणार?" नाना म्हणाले. "लिही. चूक आमची. तुमची बडगी पाठवतो. आलेलं खापर परत द्या. नेण्याची व्यवस्था आम्ही करू. बस."

तिने तसंच लिहिलं. दिवसभर उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आलं, "रविवारी माझं उद्घाटन. भरीत-पार्टी ठेवली आणि बडगी नाही. तुमचं ते मडकं फुटकंच आलं. फेकून दिलं. पैसे परत करा." खाली एक फोटो. फरशीवर मातीचे तुकडे.

रत्ना मटकन बसली. "संपलं, नाना. पैसे टाकते त्याचे. लताबाईंना काय सांगू, ते कळत नाही."

नानांनी चष्मा लावला. फोटो बोटांनी मोठा करायला रत्नाला सांगितलं. बराच वेळ पाहिलं.

"हा तुकडा किती जाड दिसतो?"

"बोटभर?"

"खापर केवढं असतं?"

रत्ना ताडकन उठली. अभिमनचं खापर पुठ्ठ्याएवढं पातळ. आणि बाहेरून काळं. फोटोतले तुकडे लालभडक होते. एकाच्या तळाला पाणी जायचं भोक होतं.

"कुंडी आहे ही!" रत्ना ओरडली. "झाडाची कुंडी! खोटारडा मेला! थांबा, हाच फोटो टाकते सगळ्यांसमोर. असं लिहिते त्याला..."

"लिहू नको."

"नाना, तो आपल्याला फसवतोय!"

"फसवतोय. पण खापर त्याच्याकडे शाबूत आहे, एवढं आपल्याला कळलं. आता भांडलीस तर तो ते खरंच फोडेल." नाना उठले आणि कोपऱ्यातली नवी बडगी काढली. "पैसे मागतोय ते टाकून दे. आणि बडगी मी नेऊन देतो."

"धुळ्याला? या उन्हात?"

"पाय माझे चुकले नाहीत. हात चुकले होते."

दुसरा दिवस उजाडला, तेव्हा आखाजी परवावर आली होती.

सकाळच्या पहिल्या एसटीने नाना निघाले. मांडीवर बडगी, खांद्याला पिशवी, पिशवीत पाला आणि सुतळीचा गुंडा. जळगाव, एरंडोल, पारोळा मागे पडलं. नऊच्या सुमाराला हायवेवर उतरले, तेव्हा डांबर तापायला लागलं होतं.

हॉटेल सापडायला वेळ लागला नाही. पताका लागल्या होत्या. आत शिरले आणि थबकले. गल्ल्याच्या बरोबर वर, छताच्या हुकाला दोरीच्या शिंक्यात पालथं टांगलेलं होतं ते. खापर. खाली शिडी, शिडीवर इलेक्ट्रिशियन आणि त्याच्या हातात ड्रिल मशीन.

"मधोमध घे," गल्ल्यावरचा तिशीतला माणूस सांगत होता. "आतून बल्ब सोडायचा. एकदम गावरान लुक आला पाहिजे."

"मशीन लावशील तर हातात चुरा येईल," नाना दारातून म्हणाले.

दोघांनी वळून पाहिलं.

"तुम्ही कोण, बाबा?"

"भुसावळहून आलो. तुमची बडगी." नानांनी ती गल्ल्यावर ठेवली. "खोकी मी बदलली. सुनेची चूक नव्हती, कुरियरचीही नव्हती. माझी. एवढं सांगायला आलो."

तो माणूस कुंदनच होता. त्याने एकदा वर टांगलेल्या खापराकडे पाहिलं, एकदा नानांकडे. कान लाल झाले. पण माणूस अडला की लगेच सुटत नाही.

"ते... ते दुसरं आहे. इथलंच घेतलं."

"बरं," नाना म्हणाले.

"आणि तुमच्यामुळे माझा खोळंबा झाला, त्याचं काय? रविवारी दीडशे पानं आहेत माझ्याकडे!"

"बरोबर आहे. खोळंबा झाला."

भांडायला समोरचा तयार नसला की पंचाईत होते. कुंदनची तशी झाली. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. सुरतेहून क्रोकरीचा टेम्पो आला होता. काचेचे ग्लास, चिनी मातीच्या प्लेटा, साठ खोकी. वेटर धावले आणि खोकी धपाधप उतरवायला लागले. तिसऱ्याच खोक्यातून आवाज आला. खळ्ळ.

नाना बाहेर आले. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या.

"थांबा!" ते ओरडले. पार्सल ऑफिसात इंजिनाच्या आवाजावर जाणारा तो आवाज होता. सगळे थांबले. "खोकं पोटाशी घ्यायचं, हातावर नाही. खाली ठेवायचं, टाकायचं नाही. जड खाली, हलकं वर. तू वर चढ. तू मध्ये. तू दारात. कोणी चालायचं नाही, हातोहात द्यायचं."

"नाना, तुम्ही बसा हो, पाहुणे तुम्ही," टेम्पोचा ड्रायव्हर लीलाधर म्हणाला.

"बसायला आलो असतो तर घरी खाट होती."

दीड तासात टेम्पो रिकामा झाला. प्रत्येक खोकं ठेवण्याआधी नाना ते कानाशी धरून हलवत. जे बोललं ते वेगळं. चार निघाली, आणि त्यातलं एक तर कारखान्यातूनच फुटून आलं होतं. "याची पावती आताच लिहून घ्या ड्रायव्हरकडून. उद्या कोणी मानणार नाही," त्यांनी कुंदनला सांगितलं. कुंदनने लिहून घेतली. नानांच्या सदऱ्याला घामाचं मीठ फुटलं होतं. त्यांनी तांब्याभर पाणी एका दमात संपवलं आणि पिशवी उचलली.

"निघतो."

"जेवून जा ना."

"नको. दुपारी सुरतेला फोन करायचा आहे. तिथे एका बाईची लेक पहिल्या आखाजीला येतेय. खापर येत नाही, असं सांगायचं आहे. हे मेसेजवर सांगण्यासारखं नाही."

कुंदनने हातातली पावती गल्ल्यात टाकली. मग एकदम शिडीकडे गेला, स्वतः वर चढला आणि खापर शिंक्यातून काढून दोन्ही हातांनी पोटाशी धरून खाली आणलं. नुकतंच शिकला होता.

"फोटो कुंडीचा होता," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "मांजराने पाडली."

"मांजराचे उपकार झाले," नाना म्हणाले. "त्याच्यामुळे कळलं, खापर धड आहे ते."

लीलाधर खो खो हसला. कुंदनही हसला, आधी थोडं, मग मोकळेपणी. "पण नाना, दिसत होतं भारी. माझी आई मांडे करायची, तेव्हा मी तिच्या शेजारी बसायचो."

"मग दिव्यासाठी अभिमनकडून भोकाचंच भाजून आणतो. आखाजीनंतर. आणि पैसे पूर्ण घेईन."

"घ्या. बडगीचे कालचे परत आले, तेही टाकतो."

नानांनी खापराला बोटाच्या पेराने टिचकी मारली. टण्ण वाजलं. तडा असता तर बद्द वाजलं असतं. त्यांनी पाला काढला, गोणपाट मागून घेतलं आणि बांधायला बसले. कुरियरला आता वेळ नव्हता. पण लीलाधरचा टेम्पो रिकामा सुरतेला परत चालला होता.

"बसा नाना," लीलाधर म्हणाला. "गप्पांना माणूस मिळेल. रिकामी गाडी फार उड्या मारते मात्र."

"म्हणून तर ते मांडीवर घेणार आहे."

साक्री गेलं, नवापूर गेलं. प्रत्येक खड्ड्याला नाना सीटवरून उचलले गेले, खापर नाही. दिवेलागणीला सुरतेतल्या उधन्याच्या एका चाळीत लताबाईंनी दार उघडलं. नानांनी आधी टिचकी मारून दाखवली, मग नाव सांगितलं.

लताबाईंनी खापर हातात घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "अय्या, बठ्ठं कसं येक सारखं शे! कुंभार चांगला शे तुमना." आणि मग आत वळून ओरडल्या, "पोरी, खापर उनं व!"

नानांना जाऊ देणं त्यांच्या मनातच नव्हतं. आखाजीच्या दिवशी पहिला मांडा देवाला गेला, दुसरा लेकीला आणि तिसरा नानांच्या पानात पडला. कडेपर्यंत पातळ, मध्ये कुठेही जळलेला नाही. नानांनी तो उजेडाकडे धरून पाहिला, तेव्हा लेक म्हणाली, "आई, हे खातात की तपासतात?"

निघताना लताबाईंनी चुकून आलेली बडगी परत दिली. रिकामी नाही. सांजोऱ्यांनी भरलेली. भांडं रिकामं परत पाठवत नाहीत.

पंधरा दिवसांनी कुंदनचा अभिप्राय दुकानाच्या पानावर आला. 'वस्तू चुकीची आली. नंतर बरोबर आली. लाकूड चांगलं.' आणि पाचपैकी तीन तारे.

"तीन!" रत्ना उखडली. "तुम्ही त्याची साठ खोकी उतरवली आणि तीन? थांबा, फोन लावते त्याला."

"नको लावू," नाना म्हणाले. ते भोक ठेवून भाजलेल्या खापराभोवती पाला गुंडाळत होते. "चूक झाली होती. तीन बरोबर आहेत."

त्यांनी सुतळी आवळली. मग खडूने गोणपाटावरच मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कुंदन, धुळे', खोक्यात ठेवलं आणि खोकं कानाशी धरून हलवलं. बोललं नाही.

"आता लाव पत्ता," ते म्हणाले.