आत्याची वज्री

आत्याच्या न्हाणीघरात टाचा घासायला गोदावरीकाठी सापडलेला एक खडबडीत दगड असायचा. आम्ही त्याला वज्रीच म्हणायचो. यंदा भूगर्भशास्त्र शिकवणारा माझा नवरा तो निरखत ओरडला, "अहो आत्या, हा गेंड्याचा दात आहे! दगड झालेला!"

गेंडा, आणि आमच्या नदीकाठी! त्याचे पूर्वज म्हणे लहानखुरे, बिनशिंगाचे होते. पुढे रानं विरळ झाली, गवत माजलं आणि ते खरखरीत गवत चावायला उंच दातांचेच टिकले. त्यांतल्याच एकाच्या दातानं आत्याच्या भेगा घासल्या.

आत्यानं तो धुऊन-पुसून फडताळात ठेवला. "मेल्यावरही राबलास रे बाबा. आता बस निवांत."

निघताना मी तिच्या पाया पडले. हाताला टाचा मऊ लागल्या. तो नमस्कार दोघांना होता.