मांडीवरचं डोकं

मंडळी, आज दुपारच्या चित्रकलेच्या ऑनलाइन वर्गात माझं चित्र दाखवलं. लॉकडाउनमध्ये इथे परदेशात, क्रेगीबर्नच्या घरात बसून युरोपातल्या जुन्या शोकचित्रांवर मिळेल ते वाचलं आणि त्यावरून हे काढलं. नवऱ्याचं डोकं माझ्या मांडीवर, मी त्यांच्यावर वाकलेली.

बाईंना रचना आवडली. "हात तेवढा अवघडलाय. त्यांना धरलं होतंस तेव्हा हात कुठे होता, आठव बघू."

मी खरंच आठवायला लागले.

शेजारी बसलेली माझी लेक हळूच म्हणाली, "आई, यू वेअरन्ट देअर."

नव्हतेच. हे कोविडने गेले तेव्हा हॉस्पिटलात आम्हाला आत सोडलं नव्हतं. नर्सने त्यांच्यासमोर टॅब्लेट धरला होता आणि मी इथे ओट्याशी उभी राहून फोनवर "पाणी प्या हो" म्हणत होते.

त्या चित्रांत गेलेल्या माणसाला कुणीतरी धरलेलं असतं. ती जागा मी स्वतःला देऊन टाकली. मी कॅमेरा बंद केला.

खरं चित्र काढायचं तर माझ्या हातात फोन हवा. पण डोळे मिटले की मला आता मांडीच दिसते. स्क्रीनवरचा त्यांचा चेहरा आठवतच नाही.

तुमचं कुणी असं गेलं असेल, तर तुम्हाला काय दिसतं?