शेवंतीची प्राकृत

शेवंती गेल्याचं तिच्या भावानं, नारायणनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी रामनगरच्या स्टँडवर उभी होते. बेळगावच्या दवाखान्यात तिलाच भेटायला निघाले होते... शेजारच्या ओळखीच्या बाईंनी काय झालं ते विचारलं आणि ऐकून म्हणाल्या, ‘‘बिचारी. एवढं शिकून मिळालं काय तिला?’’ तेवढ्यात त्यांची बस लागली. आता महिना उलटून गेलाय. आता सांगते.

शेवंती कर्नाटकातल्या गणेशगुडीच्या पलीकडच्या कुणबी वाडीतली. घरी भातशेती, उन्हाळ्यात जंगलातली मजुरी. महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात मी मराठीच्या एम.ए.ला गेले आणि वसतिगृहात ही माझ्या खोलीत आली. तिनं प्राकृत घेतली होती आणि त्या वर्षी त्या विषयाला ती एकटीच होती. एका मुलीसाठी वर्ग चालवता येणार नाही, दुसरा विषय घे, असं कार्यालयातून सांगितलं गेलं. तर ही रोज सकाळी बंद वर्गाच्या दाराशी पुस्तक घेऊन बसू लागली. येणारे-जाणारे हसायचे. मी म्हटलं, मराठीकडे ये, निदान सोबत होईल. ती म्हणाली, ‘‘सोबतीसाठी न्हाई आले गो मी.’’ शेवटी निवृत्तीला टेकलेल्या विभागप्रमुख बाईंनीच किल्ली मागवली आणि समोर एकच विद्यार्थिनी असताना पूर्ण तास शिकवला. पुढं एम.ए. संपेपर्यंत तसंच चाललं; रात्री खोलीवर तोच धडा ती मला शिकवायची. जुन्या संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो आणि राणी, सखी, दासी प्राकृत, हे कळलं त्या दिवशी ती खोलीवर येऊन कितीतरी वेळ हसत होती. राजाला राणीचं सगळं कळतं, म्हणजे घरची भाषा त्याला येतच होती, फक्त चारचौघांत बोलायची लाज वाटत होती, असं तिचं म्हणणं. पुढं प्रबंधात तिनं तेच जरा भारदस्त शब्दांत मांडलं.

पण प्रबंधापर्यंत पोचणं सोपं नव्हतं. पीएच.डी.च्या मुलाखतीत नदीवर गेलेल्या मुलींविषयीची एक गाथा, म्हणजे दोन ओळींचं प्राकृत पद्य, तिला अर्थ सांगायला दिली. त्यातल्या ‘ण्हाण’ या शब्दापाशी ती ‘न्हाणं’ म्हणाली. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, न्हाणं नव्हे, स्नान म्हणा. अभिजात भाषा शिकताय, आधी स्वतःचं बोलणं शुद्ध करा. शेवंतीनं शांतपणे उत्तर दिलं, ‘‘सर, गाथेत ण्हाण हाय. माझ्या घरात न्हाणं हाय. स्नान दोन्हीकडं न्हाई.’’

त्या वर्षी तिची निवड झाली नाही. दोन ओळी माफीच्या लिहून दे, मी बोलते त्यांच्याशी, असं बाईंनी सुचवलं. तिनं लिहिल्या नाहीत. गावी जाऊन लावणी केली, कापणी केली आणि पुढच्या वर्षी त्याच परीक्षकांपुढे येऊन बसली. त्यांनी मुद्दाम तीच गाथा पुढे ठेवली. ती पुन्हा न्हाणंच म्हणाली. त्यांनी दुरुस्ती न करता पान उलटलं. या वेळी निवड झाली.

डॉक्टरेट घेऊन ती शहरात राहिली नाही. रामनगरच्या एका शाळेत संस्कृत शिकवायची आणि रविवारी वाडीतल्या घरी पोरींना गोळा करून प्राकृत. ना परीक्षा, ना प्रमाणपत्र. भाकरी थापायला गाथा कशाला लागतात, असं लोक विचारत. ती त्यांनाही आत येऊन बसा म्हणायची; दोघीतिघी बायका खरंच बसू लागल्या. रक्ताचा कर्करोग झाल्यावरही तिनं वर्ग सोडला नाही. दवाखान्याच्या खाटेवरून फोनवर शिकवायची. आता विश्रांती घे, असं मी शेवटच्या भेटीत म्हटलं, तर मला गप्प राहायची खूण करून ती फोनवरच्या पोरीचा उच्चार ऐकत राहिली.

बाराव्याला मी वाडीवर गेले. जेवणं उरकल्यावर नारायणनं आईला विचारलं, तिची खोली मोकळीच आहे, पावसाआधी भाताची पोती तिथं हलवू का? त्याच्या मनात वाईट नव्हतं, घरच लहान आहे. आई उठली, खोलीत गेली आणि ओलं फडकं घेऊन भिंतीवरचा फळा पुसू लागली. त्यावर शेवंतीचं अक्षर होतं. नारायण पुढं धावला.

‘‘पुसतीस कशाला आई? तिच्या हातचं हाय ते.’’

‘‘मग नवं कुठं लिवायचं?’’ आई म्हणाली. फळा कोरडा करून तिनं खडू माझ्या हातात दिला. ‘‘आयतवारी पोरी यायच्यात.’’