चक्रवाकांच्या मागावर

खात्यातली चार माणसं चहाला उभी राहिली की कुणीतरी विचारतंच, "डॉक्टर, तुमच्या बदकांचं काय झालं?" मग एक किस्सा निघतो, त्याला दुसरा चिकटतो. ऐकणारे हसतात. मीही हसते. सॅम्युअल साळवे मात्र कप ठेवून बाहेर जातो.

मी कोपरगावकडची जनावरांची सरकारी डॉक्टर. साळवे केडगावचा, पक्ष्यांचा अभ्यासक. हिवाळ्यात गोदावरीच्या बंधाऱ्यावर चक्रवाक बदकं उतरतात. त्यातल्या काहींच्या पाठीवर आम्ही छोटी जीपीएस यंत्रं बांधली होती. ते एखाद्या पोल्ट्रीजवळ उतरले की मालकाच्या मोबाईलवर इशारा जायचा. बर्ड फ्लू शेडमध्ये शिरायच्या आत माणसं सावध व्हावीत, एवढाच हेतू.

*

पहिला इशारा गेला त्या दिवशी आम्ही दोघं खुशीत त्या पोल्ट्रीवर गेलो. शेततळ्यात चक्रवाक पोहत होते, काठावर कोंबड्यांचं खाद्य उघडं पडलेलं, शेडला जाळी नाही.

"मेसेज मिळाला नाही का?" मी मालकाला विचारलं.

"आल्ता की. लगेच डिलीट मारला."

"का?"

"तुमच्याच हापिसानं सांगितलं हुतं, अनोळखी लिंक आली तर हात लावू नका."

कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली जाळी साळवेने स्वतःच उलगडायला घेतली.

*

एकदा एक चक्रवाक नकाशावर डांबरी रस्त्याने चालायला लागला. सरळ साखर कारखान्याच्या गेटात गेला, थोडा थांबला, त्याच रस्त्याने परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आम्ही जीप घेऊन मागे लागलो, तर पुढे उसाची ट्रॉली. तिच्या फळीला आमचं यंत्र तारेने बांधलेलं.

"पक्षी कुठंय?" साळवेने ट्रॅक्टरवाल्याला विचारलं.

तो ओशाळला. "खाल्ला, सायेब. पर ह्ये सोलरचं हाय म्हनून टाकलं न्हाई."

बर्ड फ्लूच्या सावटात रानपक्षी कापून खाल्लेला. आम्ही त्याच्या घरच्यांची विचारपूस केली, सगळे ठणठणीत होते. मी हादरून वरिष्ठांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "डेटा येतोय ना? मग राहू द्या तिथंच."

*

मग पुणतांब्याच्या शिवारातल्या मोठ्या पोल्ट्रीत कोंबड्या मरायला लागल्या. आम्हाला कळलं ते वासाने. शेडमागे खड्डा होता, वर घाईने लोटलेली माती.

"कशाने मेल्या?" मी मॅनेजरला विचारलं.

"उष्माघात, मॅडम."

मी स्वेटर घालून उभी होते.

"पडदे लावलेत ना शेडला," तो म्हणाला, "आत लई गरम व्हतं."

आम्ही नमुने घेत होतो तेव्हा गेटातून एक टेम्पो बाहेर पडला. त्यात जिवंत कोंबड्यांची क्रेट रचलेली होती. मी हात करून थांबवायला धावले. ड्रायव्हरनेही हात केला आणि निघून गेला.

*

अहवाल आला, बर्ड फ्लूच. साळवेने नकाशा घेऊन वरचं ऑफिस गाठलं. त्या आठवड्यात आमचं यंत्र बांधलेला एकही पक्षी तिकडे फिरकला नव्हता. बाजारातून परत येणारी न धुतलेली क्रेट तपासा, असं तो पोटतिडकीने सांगत होता.

साहेबांनी नकाशाचं कौतुक केलं. मग प्रसिद्धीपत्रक सांगायला घेतलं, "लिहा, स्थलांतरित पक्ष्यांमुळे."

"सर, पण पक्षी आलेच नव्हते."

"साळवे, पोल्ट्रीवाल्याचं नाव घेतलं तर तो वर तक्रार करेल. पक्षी करतात का?"

*

त्या मोठ्या पोल्ट्रीसमोर, रस्त्यापलीकडे अलका जाधवचं शेड होतं. साळवेने सांगितलेलं सगळं मनापासून पाळणारी सगळ्या गावात ती एकटीच. तिच्या जाळीतून चिमणी जात नव्हती. व्यापाऱ्याला ती रस्त्यावरच थांबवायची. "एवढं करा, तुमच्या कोंबड्या वाचतील," हे साळवेनेच तिला सांगितलेलं.

नियम असा, की रोग निघाला त्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी मारायचे.

आम्ही पांढरे किट, मास्क, गमबूट घालून तिच्या दारात उभे राहिलो. आतून कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता.

"माज्या एका तरी कोंबडीला काय झालंय का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. आणि नियम सांगितला.

तिने ऐकून घेतलं. साळवेकडे एकदा बघितलं. त्याची मान खाली होती. मग ती बाजूला झाली. आमची माणसं आत शिरणार, तोच तिने हात आडवा धरला.

उंबऱ्याशी औषधाच्या पाण्याचं घमेलं होतं.

"आदी पाय बुडवा," ती म्हणाली. "तसंच कुनाला आत सोडत न्हाई मी."

मी पाय बुडवले. मग साळवेने. मग एकेक करून सगळ्यांनी.